पुलावरच्या दोन पलटणी

लग्न होऊन ताई जवळा बाजार या गावी सासरी गेली तेव्हा आमची लढाई अर्ध्यावर होती. नेपोलियनच्या काळातली, फ्रेंच माझे, ऑस्ट्रियन तिचे. हिंगोलीच्या घरी वडिलांनी माझ्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता, त्यावर मित्राच्या सीडीवरून टाकलेला हा खेळ. एकाने चाल करून उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. नकाशावर एक नदी, एक पूल, पलीकडे टेकडी. टेकडी ज्याची, तो जिंकला.

सासरी कॉम्प्युटर नव्हता. जाताना तिने नकाशा चौकटीच्या वहीत उतरवून नेला. बाजाराच्या दिवशी सासू भाजी घेईपर्यंत ती एसटीडी बूथवरून फोन करायची. मी माझी चाल सांगायचो, ती वहीत पेन्सिलीने खुणा करून हुकूम द्यायची. ते मी लिहून घ्यायचो, वाचून दाखवायचो आणि तिच्या वतीने कॉम्प्युटरवर चाल करायचो.

"घोडदळ मागं घे. तोफा टेकडीवरच राहू दे," असं चालायचं. एकदा म्हणाली, "बाहेरचा माणूस ऐकून राहिला रे. त्याला वाटत असंल, माझा नवरा फौजेत हाय."

पाचव्या की सहाव्या आठवड्यात तिने दोन पलटणी पुलावर आणायला सांगितल्या. मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि आणल्या नाहीत. माझं घोडदळ मोकळ्या पुलावरून पार झालं. त्या दिवशी त्याचं विशेष काही वाटलंही नाही.

पुढच्या बाजाराला मी माझी चाल सांगितली. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पूल तर माझ्याकडं हाय. तुझे घोडे आले कुठून?"

"पुलावरूनच."

"न लढता?"

लाईन खराब होती, ऐकू आलं नसेल, मी म्हणालो.

"तू वाचून दाखवलं होतंस."

"व्हय. हलवल्या न्हाईत मी."

"काहून?"

"हरत होतो."

मला वाटलं, ती फोन ठेवेल. जुनी चाल परत घेता आली असती. तसं मी म्हणालोही.

"नको. खऱ्या लढाईत बी कुणी हुकूम पाळला नसंल की. चालू दे." आणि लगेच ती तोफा कुठे फिरवायच्या ते सांगू लागली.

त्यानंतर तिचा प्रत्येक हुकूम मी शब्दशः पाळला. ती जिंकावी असं वाटायचं, तरी माझ्या चाली मी नीटच केल्या. मुद्दाम हरलेलं तिला कळलं असतं. तीन आठवड्यांनी टेकडी माझ्या फ्रेंचांनी घेतली. तिने फक्त विचारलं, तिची किती माणसं उरली. मी आकडा वाचला.

"परत मांडायची का?"

"आता न्हाई जमायचं. डॉक्टरीणबाईनं जास्त फिरू नको म्हनलंय."

ताईला दिवस गेलेत, हे मला जरा उशिरानेच कळलं. आईला बोलवू का, म्हटलं. बोलव, ती म्हणाली. मी रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि कॉम्प्युटर बंद करायला गेलो.