पोळ्याआधी फूल दिसता कामा नये

कल्पना करा, एक झाड तुमच्या ताब्यात आहे आणि काम एवढंच, की त्याला फुलू द्यायचं नाही. पाणी घालायचं, पानं वाढू द्यायची, पण फूल दिसलं की तुम्ही आत. आता हे झाडाला समजावून सांगा.

दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात, शहाऐंशी सालच्या श्रावणात, हे काम धुरपदाबाईवर येऊन पडलं. धुरपदाबाई म्हणजे गावातल्या बैलांची डॉक्टरीण. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी तिला ना लग्नकार्यात विचारलं, ना वाटणीत. पण कुणाचा बैल फुगला, की तोच भाऊबंद अनवाणी तिच्या दारात पळत यायचा. तिच्या गोठ्यामागे भांगेचं झाड होतं. त्याची पानं वाटून, गुळात कालवून, बांबूच्या नळीनं ती बैलाच्या घशात ओतायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर तिच्याकडे रांगच लागे. वर्षभर कडबा चघळणाऱ्या बैलाला लोक एका दिवसात पुरणपोळ्यांनी गच्च भरत, आणि त्याचं पोट नगाऱ्यासारखं वाजायला लागलं, की "अक्का, चाल व लवकर!" झाड गेलं तर आपल्याला हाक मारायला कुणी येणार नाही, हे ती पुरतं जाणून होती.

पोळा तोंडावर आला आणि रुपचंद जमादार दारात सायकलवरून उतरला.

"अक्का, नवा कायदा आलाय. ते झाड उपटावं लागेल."

"मी पेरंच नही, भाऊ. आपेआप उगनं."

"असं कुठं आपोआप उगवतं?"

"तुन्या मिश्या कोनी पेऱ्यात?"

जमादाराचा हात मिशीवर गेला. तो पोलीस होता खरा, पण त्याच्याही घरी बैलजोडी होती आणि पोळा त्याच्याही घरी येणार होता. त्यानं खूप विचार करून वाट काढली. "हे बघ, पान म्हणजे औषध, फूल म्हणजे नशा. माझ्या माहितीप्रमाणे कायदा फुलावर आहे. पोळ्याच्या सकाळी मी येईन. झाडावर एकही फूल दिसलं नाही, तर मी म्हणेन, हे नुसतं झुडूप."

ही गोष्ट पारावर गेली आणि गावाचे दोन तट पडले. बैलवाले म्हणाले, जमादार शहाणा माणूस. भजनी मंडळाचा म्होरक्या पंडित मात्र भडकला. भजनाआधी चिलीम हा त्याच्या मंडळाचा जुना रिवाज.

"बैलाले मोकळीक अन् भजन्याले बंदी? हाऊ कायदा बैलेस्नी करा का?" तो म्हणाला. "बैलाचं पोट फुगतं ते दुखणं, आणि माणसाचं मन फुगतं ते काय?"

"पंडितभाऊ, तुम्ही नांगर ओढा, मग तुम्हालाही पाजू," कुणीतरी मागून म्हणालं.

पोळ्याच्या सकाळी धुरपदाबाईनं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चाचपलं आणि दिसलं तेवढं फूल खुडलं. उजवी मूठ गच्च भरली. मग तिच्या ध्यानात आलं, की झाड निर्दोष झालं आणि सगळा गुन्हा आता आपल्या मुठीत आहे.

ती मूठ चुलीत टाकायला वळली, तर पंडित आणि मंडळी चुलीभोवती, नाकं पुढे करून, मांडी घालून बसलेली.

"आम्ही नुसते शेकायला आलो, अक्का."

बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. मातीत पुरावं तर बी पुन्हा उगवणार. बैलाला चारावं तर बैलच नशेबाज ठरणार. तेवढ्यात जमादार आला. त्यानं झाडाला दोन फेऱ्या मारल्या, पानं उलटीपालटी केली.

"शाब्बास अक्का! नुसतं झुडूप."

"अन् हाई?" तिनं मूठ पुढे केली.

जमादारानं गर्रकन पाठ फिरवली. "उघडू नकोस! उघडलीस तर मला दिसेल."

"मंग तूच ली जाय."

"मी नेलं तर पंचनामा करावा लागेल. कुठून आलं ते सांगावं लागेल. मग झाड गेलंच."

"फेकी देऊ?"

"फेकलंस तर ज्याला सापडेल तो आत जाईल."

"आम्ही आत जावाले तयार!" पंडित चुलीजवळून ओरडला.

त्या वर्षी धुरपदाबाईनं उजवी मूठ मिटलेलीच ठेवून बैलांना डाव्या हातानं ओवाळलं. म्हाताऱ्या कुरकुरल्या. पोळी भरवली तीही डाव्याच हातानं; बैलांनी मात्र काही मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी रांग लागली. ती डाव्या हातानं पानं वाटत होती, नळी धरायला भाऊबंद एकमेकांच्या पुढे धावत होते, आणि तिच्या उजव्या मुठीमागे पंडित सावलीसारखा फिरत होता. तिला इतका मान गावात कधी मिळाला नव्हता आणि अंगठा इतका कधी ठणकला नव्हता.

रांगेच्या शेवटी जमादार उभा होता, फुगलेला बैल धरून, नजर आभाळाकडे लावून. तिनं आधी त्याच्या बैलाला पाजलं. मग मिटलेली मूठ त्याच्या खाकी सदऱ्याला टेकवून तिनं विचारलं, "भाऊ, फूल झाडवर व्हतं तंवर गुन्हा झाडना व्हता. मी तोडं, तवय तो मना झाया. पन तूच सांगं म्हनीसन तोडं, मंग थोडासा तुनाबी नही का?"