टोरांटोच्या वाटेवरचा पहिला मुक्काम

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अगदी सोपं होतं. परळच्या दवाखान्यात बाबांच्या पायांच्या नसा तपासून ते म्हणाले, "जा खुशाल, पण एका दमात जाऊ नका. वाटेत दोनदा उतरा. पाय वर करून झोपा, मीठ कमी, उभं राहणं कमी, आणि मग पुढचं विमान." यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्या भावकीला त्यातलं 'वाटेत उतरा' एवढंच ऐकू आलं.

बाबांना जायचं होतं टोरांटोला, आत्याला भेटायला. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा घोडपदेवच्या चाळीत या थोरल्या बहिणीनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. आता ती मुलाकडे टोरांटोला अंथरुणाला खिळून आहे. ती इकडे येणं शक्य नव्हतं, आणि फार काळ थांबण्यातही अर्थ नव्हता. "बायेक एकदा बघून येतंय," हे बाबांचं रोजचं पालुपद; बाय म्हणजे ही थोरली बहीण. घरात ते मालवणीच बोलतात.

मी दादरच्या एका बँकेत नोकरी करते. साठवलेली रजा सगळी काढली. बँकेजवळच्या एजंटकडे बसून दुबईला दोन रात्री, लंडनला दोन रात्री असा प्रवास जुळवला आणि दोन्हीकडे विमानतळाला चिकटून हॉटेलं घेतली. एजंट म्हणाला, "मॅडम, दुबईत उतरून काही बघणार नाही?" मी म्हटलं, "झोपणार." त्याला माझी कीव आली असावी.

सगळं नीट जमलं होतं. मग बाबांनी भावकीच्या ग्रुपवर आपला आवाज रेकॉर्ड करून टाकला. आपण निघालो, कुठे कुठे उतरणार, सगळं साग्रसंगीत. चहा संपायच्या आत दुबईच्या चुलतभावाचा फोन. "काका, हॉटेलात रवतलात? आमी काय मेलव?" पाठोपाठ लंडनच्या चुलतबहिणीचा. ती तर रडायलाच लागली.

मी बाबांना समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. आपण पाहुणचाराला चाललेलो नाही, ही औषधाची गोळी आहे असं समजा. ते शांतपणे म्हणाले, "नाय म्हटला तर पोरां वायट मानतली." झालं. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या पायांपेक्षा चाळिशीतल्या पुतण्याचं वाईट वाटणं मोठं ठरलं. हॉटेलं रद्द केली ती मीच, दात ओठ खात.

कुणाच्या घरी जायचं म्हणजे रिकाम्या हातानं कसं जाणार? आमच्या लालबागच्या इमारतीत मजल्यामजल्यावरून पिशव्या यायला लागल्या. "जाताच आहात तर" हे तीन शब्द मला आजही ऐकवत नाहीत. कुणाचा मसाला, कुणाचं कुळथाचं पीठ, कुणाची कोकमं. एका काकूंनी सुकट दिली आणि वर बजावलं, "वास येणार नाही, पाच पिशव्यांत बांधलीय." आला वास, अर्थातच.

दुबईला चुलतभाऊ हार घेऊन उभा. घर विमानतळापासून जवळ, पण "जाता जाता" म्हणून त्यानं आम्हाला उंच उंच इमारतींमधून फिरवून नेलं. बाबा गाडीत पाय लोंबकळत ठेवून बसलेले. घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. गावची जेवढी म्हणून माणसं दुबईत होती, ती सगळी आली होती. कारण भावकीतला सगळ्यांत वडील पुरुष आला होता, आणि आता गाऱ्हाणं घातलं जाणार होतं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नारळ ठेवून घरातला मोठा माणूस गावच्या देवाला साकडं घालतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. बाबांचं गाऱ्हाणं भावकीत नावाजलेलं. ते उभ्यानं घालायचं असतं. देवाशी बसून कोण बोलतं?

एक सगळ्यांसाठी झालं. मग एकजण नारळ घेऊन पुढे आला, त्याच्या नोकरीसाठी वेगळं. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी. तिसऱ्याच्या घरात मूल नव्हतं. प्रत्येकजण म्हणे, "काका, माझं एकच!" मी मागून खुर्ची सरकवत होते आणि वहिनी ती हसून बाजूला करत होती. बाबांचा आवाज मात्र चढत चालला होता. खरं सांगायचं तर इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचाही मला रागच आला.

मग जेवण. बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, लोणचं, पापड. मी मिठाचं बोलले तर वहिनी म्हणाली, "एक दिवसानं काय होतंय?" दुसऱ्या दिवशी शारजात आणखी एका गाववाल्याकडे तेच सगळं पुन्हा.

निघायच्या सकाळी बाबांचा पाय चपलेत जाईना. तिथल्या डॉक्टरनं नडगीवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. पुढे अजिबात जायचं नाही, तो म्हणाला. आधी पडून राहा, सूज उतरली की थेट घरी. चुलतभाऊ माझा हात धरून धरून म्हणत होता, "ताई, आम्ही काही कमी केलं का गो?" मी मनात म्हटलं, कमीच करायचं होतं रे बाबा.

आम्ही लालबागला परत आलो. पुढच्या प्रवासाचं नाव काढायचं नाही, असं परळच्या डॉक्टरांनीही सांगितलं. भावकीच्या ग्रुपवर अजून फोटो येत होते आणि खाली लोक लिहीत होते, काय सुंदर कार्यक्रम झाला! मी ग्रुप सोडला. चुलतभावानं मला पुन्हा घेतलं. मी पुन्हा सोडला.

एका दुपारी टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला. आतेभावानं फोन आत्याच्या तोंडासमोर धरला होता. ती उशीत बुडाल्यासारखी दिसत होती. म्हणाली, "पाय बघया तुझे." मी फोन खाली नेला. ती बराच वेळ पाहत राहिली. बाबा इकडे पलंगावर बसून भराभर बोलायला लागले. डॉक्टर काय म्हणाला, माणसं किती आली होती, नाही कसं म्हणणार.

"गाऱ्हाणा घातलंस ता बघलंय मी," आत्या मध्येच म्हणाली. "पोरांनी दाखवल्यानी. सगळ्यांचा मन राखलंस. बरा केलंस."

आवाजात राग नव्हता. तिनं दम घेतला.

"माजा काय रे," ती म्हणाली, "मी घरचीच."