मिर्ताच्या प्रबंधातली बाई

मिर्ता कार्देनास माझी मैत्रीण आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे बोलेन त्याला कोणी चहाडी म्हणायला नको. आणि तिचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, हेही सांगून टाकते. चांगलंच दुखतं.

सामाजिक धोरणाच्या एम.ए.ला आम्ही पेरूच्या राजधानीत, लिमातल्या एकाच विद्यापीठात, एकाच बाकावर होतो. वर्गात बोलायची ती मी. मिर्ता म्हणजे गोगलगाय. डोंगरातल्या तार्मा गावाहून आलेली, पाळणाघरांच्या योजनेत नोकरी, भाड्याच्या खोलीत एकटी. वर्गात वाद पेटला की ही पिशवीतून उकडलेलं कणीस काढून शांतपणे दाणे टिपत बसायची. सरांनी काही विचारलं तर म्हणायची, "मला माहीत नाही, सर. तिथल्या लोकांना विचारून बघायला हवं." वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यानं मी.

आमच्याकडे तास पुरे करणारे ढीगभर आणि प्रबंध पुरा करणारे मूठभर. मी ढिगातली. मी नोकरी करते त्या नगरपालिकेच्या कार्यालयात कोणी विचारलं, "ओलिंदा, एम.ए. झालीस का?" की मी म्हणायची, "अभ्यासक्रम पूर्ण आहे." माझा विषय होता 'विकेंद्रीकरणोत्तर राज्यसंस्था आणि सामाजिक धोरणाची पुनर्मांडणी'. उच्चारताना धाप लागायची, म्हणूनच मला तो आवडायचा. पहिलं प्रकरण इतक्यांदा लिहिलं की मार्गदर्शक बाई त्याला 'आपलं जुनं दुखणं' म्हणायला लागल्या. मग त्या निवृत्त झाल्या. नवीन सर म्हणाले, पहिल्या प्रकरणापासून पुन्हा बघू.

मिर्ताला तर विषयच सापडत नव्हता. मला तिची दया आली. दुसऱ्याची दया करायला मला आवडतं, त्यात आपण आपोआप उंच होतो. म्हणून रविवारी तिला घरी जेवायला न्यायला लागले. आमचं घर टेकडीवर, पायऱ्या संपतात त्याच्याही वर. माझी आई, डोन्या हुस्तिना, म्हणजे हुस्तिनाबाई, तिथल्या बायकांच्या सामुदायिक स्वयंपाकघराची पहिल्यापासूनची अध्यक्ष. वस्तीला स्वस्तात दुपारचं जेवण आणि ज्यांचं अगदीच अडलंय त्यांना फुकट. मी त्याच पातेल्यांच्या वाफेत वाढले. केसांतला कांद्याचा वास जावा म्हणून तर एवढी शिकले.

त्या रविवारी मसूर आणि भात होता. मिर्ता खाता खाता म्हणाली, "मावशी, फुकटचं जेवण कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं?"

"अगं, हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं. "आईच ठरवते."

"तू गप गं," आई म्हणाली. "तुला काय माहीत? तू जेवलीस की शाळेला पळायचीस."

आणि आई बोलायला लागली. मला जन्मभर तिच्याकडून "जेवलीस का" आणि "गॅस संपत आलाय" याच्यापलीकडे फारसं काही ऐकायला मिळालं नव्हतं. ती बाई बोलतच सुटली. कोण मागतं, कोण मागत नाही, बायका कशा भांडतात, नवऱ्याला पिऊन आलेला बघून कुणाचं जेवण बंद केलं आणि मग पोरांसाठी कसं परत सुरू केलं. मिर्ता मध्येच "मग?" म्हणायची, बस्स. मी ताटल्या घासत होते आणि अंगाचा तिळपापड होत होता. माझ्या घरात बसून, माझ्या आईच्या हातचं खाऊन, ही माझ्या काखेतला कळसा उचलून चालली होती.

पुढे दर शनिवारी ती टेकडीवर दिसायला लागली. वही नाही, काही नाही. ॲप्रन बांधून बटाटे सोलत बसायची. बायकांचे हात चालू असले की तोंडही चालतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. आई तिला 'मिर्तिता' म्हणायला लागली. मला लाडाचं नाव फक्त ताप आल्यावर मिळतं.

"आई, ती तिच्या डिग्रीसाठी येते," मी एकदा सांगून टाकलं. "तुझ्या प्रेमासाठी नाही."

"येऊ दे की. बटाटे तर सोलते. तू शेवटचा कधी सोललास?"

मग मी मिर्तालाच गाठलं. "एक सल्ला देऊ? विषय फार लहान आहे गं. एक स्वयंपाकघर, चार पातेली. परीक्षक हसतील."

"हो ना?" मिर्ता काळजीनं म्हणाली. "मलाही तेच वाटतं. पण आता बाकीचं काही येतच नाही मला." आणि जाऊन तिनं आणखी एक प्रकरण लिहून टाकलं. अशा माणसाशी वैर तरी कसं करायचं? मी घरी येऊन माझं पहिलं प्रकरण उघडलं, दोन स्वल्पविराम बदलले आणि मिटलं.

शेवटी तिची तोंडी परीक्षा ठरली. आईनं पहाटेच खिमा भरलेले बटाट्याचे गोळे तळले, चांगला स्वेटर घातला आणि टेकडीवरच्या तीन बायकांना घेऊन, गोळ्यांचं पातेलं मांडीवर धरून ती बसनं विद्यापीठात आली. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मिर्ताच्या आईला तार्माहून येणं झेपलं नव्हतं. मी मागे बसले. एक तरी प्रश्न तिच्या घशात अडकू दे, अशी माझी प्रार्थना चालू होती, आणि चर्चमध्ये कधी केली नाही इतक्या मनापासून.

तो प्रश्न आलाही. तिघा परीक्षकांपैकी चष्मेवाले म्हणाले, "ज्यांना फुकट द्यायचं त्यांची नावं भिंतीवर लावली तर कारभार पारदर्शक होईल. या बायका ती लपवतात का?"

मिर्ता थांबली. मी पुढे सरकले. तिनं पानं उलटली आणि हळू आवाजात वाचलं, "सेन्योरा ओलिंदा, संस्थापक सदस्य, सांगतात: 'आमच्याकडे सगळ्यांची भांडी एकाच रांगेत. सगळी भरलेली, सगळी झाकलेली. पैसे कुणी दिले, कुणी नाही, हे वाढणारीला ठाऊक. नाव पुकारलं की शेजारणीला वाटतं, हिला का, मला का नाही? उपाशी बाईला समजावता येतं. जळणाऱ्या बाईला नाही.'"

चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. टेकडीवरच्या तीन बायका मागे वळून माझ्याकडे बघून तोंडाला रुमाल लावत होत्या.

सेन्योरा ओलिंदा. ओलिंदा मी.

प्रबंधात माणसांची खरी नावं घालत नाहीत. बोलणाऱ्यालाच एखादं खोटं नाव निवडायला सांगतात. टेकडीवरच्या बायकांनी टीव्हीवरच्या नायिकांची नावं वाटून घेतली होती, त्यावरून दोघींत अबोलाही झाला होता. मग माझं नाव कुणी लावलं? आणि नेमकं त्या वाक्याला? माझे कान तापले. गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात ते खोटं नाही. इतकी वर्षं शांतपणे कणीस खाऊन बाईनं भर सभागृहात माझा काटा काढला होता.

आम्हाला बाहेर काढलं, पुन्हा आत बोलावलं, आणि प्रबंध एकमतानं, उत्कृष्ट शेऱ्यासह मंजूर झाल्याचं वाचून दाखवलं. मिर्ता रडली. आई रडली. गोड वाइनचे कागदी पेले फिरले, गोळ्यांचं पातेलं उघडलं, आणि त्याच चष्मेवाल्यांनी दोन उचलले. मी पेला घेऊन सरळ मिर्तापुढे जाऊन उभी राहिले.

"अभिनंदन. माझं नाव घालून जळणारी बाई बरी सापडली तुला."

मिर्ताचा चेहरा उतरला. तिनं आईकडे बघितलं. "मावशी, मी सांगितलं होतं ना, ती रागावेल."

"तिच्यावर कशाला डाफरतेस?" आई म्हणाली. "ते मी बोललेलं आहे. नावही मीच निवडलं. ती नकोच म्हणत होती. तीन वेळा म्हणाली, मावशी, दुसरं घ्या, छान छान नावं आहेत. मी म्हटलं, हेच लाव."

"पण माझंच का?"

"अगं, माझं वय झालं आता. तुझं पुरं होईतो मी असेन की नसेन." तिनं माझ्या हातात एक गोळा दिला. "म्हटलं, एका तरी थिसिसमध्ये तुझं नाव बघून घ्यावं."

हे तिनं टोमणा म्हणून मारलं असतं तर मी उलट काहीतरी बोलले असते. पण ती पातेल्याचं झाकण पुसत होती, आणि मिर्ताला विचारत होती, ते पान कितवं गं, मला एकदा दाखवशील का.