मांडवातला भोंगा आणि माझी गिटार

मंडळी, आज सावेडीत एका साखरपुड्याला गेलो होतो. नवरीच्या आजीने मला लगेच ओळखलं. "तुमी ते गिटारवाले ना?"

एकाहत्तर-बाहत्तर साली श्रीरामपुरात आमचा रॉक बँड होता. अँप्लिफायर परवडत नव्हता, म्हणून लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यालाच गिटार जोडायचो. या बाईंच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच माझा हात तारांवर पडला. लोकांना वाटलं, लागलं लग्न. ताशा कडाडला, अंतरपाट खाली आला, हार पडले. भटजी बिचारे पुढचं कडवं ओठांवर घेऊन उभेच.

आज त्या म्हणाल्या, "मुहूर्त हुकला, पर संसार लई झ्याक झाला. नातीच्या लग्नातबी तसंच वाजवा."

गिटार अजून माझ्याकडे आहे. तसला जुना भोंगा कुणाकडे आहे का?