बंदरातला गुळगुळीत चिखल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी माझ्या पीएचडीच्या गाइडचं नाव घेतो. इथे नाव लिहीत नाही, सर एवढंच म्हणतो. गिरगावात जन्मलेले, दोन पिढ्यांच्या कारकुनीनंतर घरातले पहिले प्राध्यापक. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. मला गणित येतं हे जगात पहिल्यांदा त्यांनी ओळखलं, आणि ते मला किती कमी येतं हेही त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलो. वडील बाजार समितीत हमाली करायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज बघितलं नव्हतं. मुलाखतीला दक्षिण मुंबईतल्या त्या संस्थेत गेलो तेव्हा इंग्रजीतल्या पहिल्याच प्रश्नाला माझी बोबडी वळली. समितीतल्या एकाने घड्याळ बघितलं. तेव्हा सर मराठीत म्हणाले, "पाण्याने भरलेली बादली एका लयीत गोल फिरवली, तर पाण्याचा पृष्ठभाग कसा होईल? खडू घे." मी समीकरण मांडलं, सोडवलं. सर म्हणाले, "हा मला हवा."

बाहेर मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते मागे सरकले. "हुशारी बघून घेतलं असं समजू नकोस. बाकीच्यांना आधी शिकलेलं विसरायला लावावं लागतं. तुला काही येतच नाही. वेळ वाचेल."

मी ते गावाकडे फोनवर कौतुक म्हणूनच सांगितलं.

आमचं काम मुंबईच्या समुद्राचं. बंदर, खाडी आणि किनाऱ्याचा नकाशा संगणकात घ्यायचा आणि त्यावर हजारो लहान त्रिकोणांची जाळी पसरायची. प्रत्येक त्रिकोणाला तिथली खोली किंवा उंची द्यायची. मग भरती आणा, वादळ आणा, आणि पाणी कुठून कुठे जातं ते गणिताने काढा. ही मूळ जाळी सरांनी तरुणपणी एकट्याने, हाताने बांधलेली होती. आमच्या गटातला प्रत्येक प्रबंध तिच्यावर उभा होता.

मी लालबागला एका चाळीत राहायचो. घरमालकीण काकू मूळच्या मालवणच्या. मी दारात चपला काढल्या की त्या विचारायच्या, "काय रे शास्त्रज्ञा, आज तुझा पाणी खंय पोचला?" मी म्हणायचो, "कॉटन ग्रीनपर्यंत, काकू." "मगे माका आधी सांग हां. गादी वर चढवूक व्हयी."

गटात शुक्रवारची एक रीत होती. दुपारच्या चहानंतर एकाने फळ्यावर उभं राहून आपलं काम मांडायचं. त्यात चूक असायचीच. ती सरांना दिसायची, जुन्या मुलांना दिसायची, पण कुणी सांगायची नाही. ज्याची चूक त्याने ती स्वतः शोधून "इथे चुकलो" म्हणेपर्यंत बसायचं नाही. बाकीचे चहा पीत बघत राहायचे. पहिल्या वर्षी मी फळ्यावर "हे समीकरण मी सोडवायलो" म्हणालो, तर सर म्हणाले, "सोडवायलो? हे समीकरण आहे, बैल नव्हे." सगळे हसले. मीही हसलो. पण त्या फळ्यासमोर मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. आपल्या कामाकडे शत्रूच्या नजरेने बघायला मी तिथेच शिकलो.

दिवाळीनंतर आईने सरांसाठी बाजरीच्या खारोड्या पाठवल्या होत्या. उन्हात वाळवलेल्या, स्वच्छ फडक्यात बांधलेल्या. सरांनी गाठ सोडून बघितलं. "हे पक्ष्यांना घालतात ना?" मी म्हणालो, नाही सर, कच्च्या कांद्याबरोबर खातात. त्यांनी पुडकं टेबलाच्या कडेला सरकवलं. पुढच्या शुक्रवारीही ते तिथेच होतं. त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता.

सरांचं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. बंदराच्या तळाशी पाणी जेवढं अडायला हवं तेवढं अडत नाही, असं त्यांच्या मॉडेलमध्ये दिसलं होतं. तळ बराच गुळगुळीत धरला तरच गणितातली भरती बंदरातल्या पातळीच्या नोंदींशी जुळायची. त्यावरून सरांनी मांडलं होतं की मुंबई बंदरातला चिखल वेगळा आहे. अर्धवट पातळ, वाहता. पाणी त्याच्यावरून घसरतं. परदेशातही त्याचा उल्लेख व्हायचा. माझा प्रबंध याच चिखलावर होता, आणि त्याची तीन प्रकरणं लिहून झाली होती.

सर एकदा म्हणाले, "जुन्या मॉडेलमध्ये त्रिकोण कोरडे पडले की गणित कोसळायचं. म्हणून मी सगळीकडे थोडं पाणी जबरदस्तीने ठेवायचो. आता संगणक मोठे झालेत. तू ते कोरडे पडू दे."

मी पडू दिले. ओहोटी आणली. पडद्यावर कफ परेडच्या मच्छीमार नगरसमोर मोठा पट्टा उघडा पडला.

तो भाग माझ्या पायाखालचा होता. संस्थेतून निघालो की मी बरेचदा तिकडून चालत जायचो. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास मला आधी सोसायचा नाही, नंतर सवय झाली. ओहोटीच्या वेळी मी मुद्दाम गेलो. जिथे माझं मॉडेल कोरडी जमीन दाखवत होतं, तिथे होड्या तरंगत होत्या. आरामात, बऱ्याच पाण्यावर. पुन्हा गेलो, अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला. होड्या तरंगतच होत्या.

मग मी जाळीच्या मुळाशी गेलो. जमिनीची उंची मोजतात ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. ते जमिनीचं शून्य. समुद्राच्या नकाशावरची खोली मात्र मोजतात जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून, म्हणजे जहाजाच्या कप्तानाला कमीत कमी पाणी किती मिळेल ते कळावं. ते समुद्राचं शून्य. मुंबईत या दोन शून्यांमध्ये हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं अंतर आहे. जमीन आणि समुद्र एका जाळीत शिवताना तेवढं अंतर खोलीत मिळवायचं असतं. सरांनी ते मिळवलं नव्हतं.

म्हणजे आमचा समुद्र पहिल्या दिवसापासून उथळ होता. उथळ पाण्यात भरती जास्त अडते, म्हणून ती नोंदींशी जुळवायला तळ गुळगुळीत करावा लागला होता. मी अंतर मिळवून पुन्हा गणित चालवलं. तळ साधा ठेवला. भरती जुळली. बंदरातला चिखल कुठल्याही बंदरातल्या चिखलासारखा होता.

माझी तीन प्रकरणं गेली, हे मला आधी कळलं. सरांचं काय गेलं, ते कळायला जरा वेळ लागला.

रविवारी गिरगावात त्यांच्या घरी गेलो. सगळ्यांसमोर सांगायला नको म्हणून घरी. सरांनी माझ्या हिशोबाचा कागद घेतला, वरून खाली एकदाच वाचला. त्यांना समजावून सांगायला मी तोंड उघडलं, पण त्याची गरज नव्हती. त्यांचा चेहरा मी फळ्यासमोर उभा राहून इतकी वर्षं वाचत आलो होतो.

"कुणाला बोललास?"

"कुणालाच नाही, सर. आधी तुम्हाला."

"बरं केलंस. शुक्रवारी फळ्यावर मांड."

मी जिना उतरलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, एवढा मोठा माणूस स्वतःची चूक सगळ्यांसमोर मांडायला लावतोय.

शुक्रवारी मी मांडलं. होड्या, दोन शून्यं, साधा चिखल. कुणाचं नाव घेतलं नाही, "आपली जाळी" एवढंच म्हटलं. संपवून बसायला वळलो तर सर म्हणाले, "चूक?"

"सर, जाळीत—"

"जाळीतली नाही. तुझी. फळ्यावर तू आहेस. चूक सापडल्याशिवाय बसायचं नाही, विसरलास?"

मुलांना वाटलं, माझं नेहमीसारखंच काहीतरी चुकलंय आणि सरांना ते दिसलंय. ती निवांत झाली. चहा आला. एक जण म्हणाला, "होड्या नीट मोजल्यास ना रे? का एकीला दोनदा बघितलंस?" हशा झाला. मी पहिल्या ओळीपासून तपासायला लागलो. पुन्हा तपासलं. खडू संपला, दुसरा घेतला. बाहेर उन्हं कलली. पायांत गोळे आले. अधूनमधून सर शांतपणे म्हणायचे, "सापडली?" एका क्षणी मला खरंच वाटलं की चूक आहे, फक्त मला दिसत नाही. मी सरांकडे बघितलं. ते फळ्याकडे बघतच नव्हते.

"अरे, सांगून टाक ना काहीतरी," मागून कुणीतरी वैतागून म्हणालं. "आम्हाला घरी जायचंय."

"सर," मी म्हणालो, "मला चूक सापडत नाही."

सर उठले. डस्टर घेऊन त्यांनी स्वतः फळा पुसला, कोपऱ्यांपर्यंत, काळजीपूर्वक. आमचा फळा त्यांनी पुसलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. मग हात झटकून म्हणाले, "ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याला मी शिकवू शकत नाही. सोमवारपासून दुसरा गाइड बघ."

त्यांनी तसं लिहूनही दिलं. गाइडशिवाय फेलोशिप थांबली. फेलोशिप थांबली की प्रबंध थांबणार, प्रबंध थांबला की मी गावाकडे. तिथे ओळखीच्या शाळेत तासिका तत्त्वावर मास्तर हवा होता, वडिलांनी विचारूनही ठेवलं होतं. "झालं ना शिक्षण आता?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि मला त्यांचा राग आला नाही.

त्या आठवड्यात आमच्या गटातली एक जुनी मुलगी भेटली. माझगावची, ख्रिश्चन, सरांची एके काळची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. प्रबंध झाल्या झाल्या संशोधन सोडून ती परळच्या एका विमा कंपनीत लागली होती. पुराची जोखीम काढायची तिथे. मी तिला ताई म्हणायचो.

"ताई नको रे बोलू, म्हातारी वाटते," ती म्हणाली. "काय ऐकते मी? उभा राहिलास म्हणे?"

मी होड्यांपासून सुरुवात केली. तिने मधेच थांबवलं.

"दोन झीरो ना? माहीतेय मला."

"कसं?" मी विचारलं.

"माझ्या टायमाला पण हेच झालेलं. मी पण सरांकडे गेले, मला पण बोलले, फ्रायडेला मांड. मी पण उभी."

"मग?"

"मग काय! चहा थंड व्हायच्या आधी चूक काढली मी माझी. खोटी. एक मायनस बदलला फळ्यावर, बोलले, सॉरी सर, इथे चुकले. सर बोलले, गुड, बस." तिने पिशवी खांद्यावर नीट केली. "डिग्री मिळाली. तुला काय मिळालं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. जाताना वळून म्हणाली, "ऑफिसात आम्ही ती जाळी वापरत नाय. नवीन बनवली मी."

मी गावाकडे गेलो नाही. शेजारच्या विभागातल्या एका तरुण प्राध्यापक बाईंनी मला घेतलं. त्यांनी एकच अट घातली. पहिल्या त्रिकोणापासून सगळं पुन्हा करायचं, आणि जुन्या निबंधात काय चुकलं ते प्रबंधात स्पष्ट लिहायचं. फेलोशिप बऱ्याच महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. तोवर मी लालबागला शिकवण्या घेतल्या. काकूंनी या सगळ्या काळात पाण्याची चौकशी केली नाही. जुन्या गटातली मुलं जिन्यात भेटली की मोबाइल बघायची. सर एकदा समोरून आले. मी कडेला झालो आणि नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, अनोळखी माणसाला वाट दिल्याबद्दल हलवतात तशी. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभाचं बोलावणं मला आलं नाही.

प्रबंध सादर झाला तेव्हा मी त्यांना गिरगावच्या पत्त्यावर हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

प्रबंधाची प्रत सोबत पाठवत आहे. त्यात तुमचं नाव दोन ठिकाणी आहे. ऋणनिर्देशात पहिलं, आणि दुसऱ्या प्रकरणात, जिथे जाळीतली चूक लिहिली आहे. मी दोन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. दोन्ही ठिकाणी खरं आहे. म्हणून एकही काढलं नाही.

चिखल साधा निघाला याचं मला वाईट वाटतं. तुमचा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा या बंदरासारखं बंदर जगात नसेल असं मला वाटलं होतं.

माझी मौखिक परीक्षा पुढच्या महिन्यात, आपल्या जुन्याच खोलीत आहे. ती खुली असते. कुणीही येऊन प्रश्न विचारू शकतं. तुम्ही यावं अशी माझी विनंती आहे. परीक्षक विचारतील ते विचारतील, पण तुम्ही विचारल्याशिवाय मला ती परीक्षा झाल्यासारखी वाटणार नाही. मी फळ्यावर असेन. माझी चूक निघाली तर मी सगळ्यांसमोर सांगेन आणि बसेन. नाही निघाली, तर त्या शुक्रवारी ती कुठे होती हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगावं. त्या दिवशी हसलेली मुलं येणार आहेत. मी त्यांना बोलावलं आहे.

आई दर वर्षी तुमची विचारपूस करते. तुम्हीच माझे गाइड आहात असं ती अजून समजते. मी ते दुरुस्त केलेलं नाही, कारण ते चूक आहे असं मला वाटत नाही.

तिने यंदाही खारोड्या दिल्या आहेत. रविवारी येऊन दाराशी ठेवून जाईन. बेल वाजवणार नाही.

तुमचा विद्यार्थी