आत ओढायचं नाही

काचेच्या भट्टीवर त्याला सगळे भाता म्हणत. औषधाची मोठी बरणी एका दमात फुगवायचा, म्हणून. आता तोच भाता जिन्यात मध्येच बसतो आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करतो.

पानगळ लागली की कारखान्याच्या खिडक्या बंद. गार वाऱ्यानं ताज्या काचेला तडा जातो म्हणे. काचेची एवढी काळजी! वाळूची धूळ आत कोंडून माणसाच्या छातीला तडा गेला तरी कुणाच्या बापाचं काय जातंय? याच दिवसांत मुकादम जुन्या लोकांचा दम बघतो. बरणी एका फुंकरीत जमली तर भट्टी, नाहीतर दार.

बायकोनं कंबर कसली. सकाळी अडुळशाचा काढा, दिवेलागणीला ओव्याची वाफ. शिवाय दवाखान्यानं दिलेलं दम वाढवायचं प्लास्टिकचं यंत्र: तीन उभ्या डब्यांत तीन हलक्या गोळ्या, बाजूला नळी. पहिल्या दिवशी त्यानं गाल फुगवून फुंकलं. गोळ्या जागच्या हलेनात.

"अहो, फुंकताय काय? ओढा!"

"अगं, भट्टीवर नळीतून आत ओढलं की माणूस भाजतो. बापानं थोबाडीत मारून शिकवलंय मला."

"हे प्लास्टिक आहे. सासरे नाहीत इथं. ओढा!"

तो हसला, खोकला, पण ओढायला शिकला. हळूहळू दुसरी गोळी उठायला लागली. तिसरी नुसती थरथरायची. तेवढ्यावर बायको खूश. त्याला मात्र तिसरी हवीच होती.

दम बघायच्या दिवशी त्यानं नळीच्या टोकावर काचेचा लाल गोळा घेतला, फिरवला, फुंकर घातली. बरणीचं पोट सुटलं, खांदा धरला. मान राहिली आणि दम संपला. घाबरलेल्या छातीनं नवं शिकलेलंच केलं. ओठांतली नळी न सोडता त्यानं आत ओढलं.

घशात निखारा गेल्यासारखा तो कोसळला. बरणी आत पिचकली.

मुकादमानं नळी उचलली. "भात्या, पोरंसुद्धा असं करत नाहीत रे," म्हणाला आणि दुसऱ्याला हाक मारली.

घरी काढा उकळत होता. "काय झालं?" बायकोनं विचारलं. भाजलेल्या घशातून आवाज फुटेना. त्यानं यंत्र ओढून घेतलं, नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकायला लागला. पुन्हा. पुन्हा.

गोळ्या खालीच.

"अहो, ओढा ना," ती म्हणाली. "ओढा."

त्यानं मान हलवली आणि फुंकतच राहिला.