घुम्याची दुसरी वाट

आमच्या धाकट्याला घरात सगळे घुम्या म्हणतात. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एकाला उत्तर, तेही हुंकारात. आणि नोकरी कुठे, तर टेलिफोनच्या केंद्रात. लोकांची बोलणी या गावाहून त्या गावाला पोचवायची. मी चिडवायची, "बाबा रे, त्यातलं थोडं घरी आण की." तो नुसता हसायचा.

एक दिवस मात्र आपणहून म्हणाला, "ताई, उद्या आईला घेऊन केंद्रात ये. चाचणीसाठी फोनवर बोलायला माणसं हवीत. साहेबांना विचारलंय. तिकडून दादा बोलेल."

दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ, परगावी असतो. आई आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा गेल्यावर आईनं त्याला फोनवर विचारलं होतं, "परत येऊन इथं राहतोस की नाही, एवढं सांग." आणि फोन बंद झाला. रस्ता खोदताना केबल तुटली, हे घुम्यानं तेव्हाच सांगितलं होतं, पण आई ऐकेल तर शपथ. "त्यानंच ठेवला. मला उत्तर मिळालं," म्हणून ती जी हटून बसली, ती दादाचा फोन कानाला लावेना. मग दादाही रुसला. दोघंही एका माळेचे मणी.

पण घुम्याचं काम म्हटल्यावर आई आली. थंडगार खोली, कपाटाएवढी यंत्रं, पिवळ्या दोऱ्यांचे झुबके. प्रत्येक दोऱ्याच्या पोटात केसासारखी बारीक काच, त्या काचेतून उजेड धावतो आणि त्या उजेडात हजारोंची बोलणी, म्हणे. मी आ वासून बघत राहिले.

"मी आता चालू दोरा उपटणार," घुम्या माझ्या कानाशी म्हणाला. "उजेड येईनासा झाला की तिकडचं यंत्र दुसऱ्या वाटेनं इकडच्याला कळवतं. मग दोघंही बोलणं त्या वाटेवर घेतात. ती डोंगरापलीकडून, लांबून येते. नवीनच घातलीय."

"आणि नाही घेतलं तर?"

"कॉल तुटेल."

"अरे, मग आईचाच कॉल कशाला? आता तुटला तर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही ती."

"लोकांचे कॉल उद्यापासून या वाटेच्या भरवशावर टाकायचेत. तुटायचंच असेल तर आधी आपलं तुटू दे." एवढं बोलून तो यंत्राकडे वळला.

स्पीकरवर दादाचा आवाज आला. आई ताठ बसून, धडा वाचावा तशी सांगायला लागली. स्वयंपाकघरातला नळ गळतो. शेजारची कुत्री व्याली. दादा नुसता हं हं करत होता. घुम्यानं दोरा बोटांत धरला आणि खेचला. वर लाल दिवा लागला.

"पाच पिल्लं झाली," आईचं चालूच होतं. "त्यातलं एक पांढरं."

"पांढरं कुणावर गेलं?" दादानं विचारलं.

एक अक्षर गळलं नव्हतं. पापणी लवायच्या आत त्यांचं बोलणं डोंगराला वळसा घालून पोचलं होतं आणि दोघांना पत्ताच नव्हता. त्या यंत्रापुढे हात जोडावेसे वाटले, खोटं कशाला सांगू?

घुम्यानं उपटलेल्या टोकावर टोपण बसवलं आणि ते आईपुढे धरलं. "आई, तुमचं बोलणं यातून जात होतं."

"मग हा बोलतोय कुठून?"

"दुसऱ्या वाटेनं. त्या दिवशी दुसरी वाट नव्हती."

आई त्या टोकाकडे बघत राहिली. मग फोनकडे वळली. आवाज एकदम बारीक झाला होता.

"त्या दिवशी काय म्हणत होतास रे तू?"

लाइन गेली की काय म्हणून मी घुम्याकडे बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"माझी खोली झाडून ठेव, म्हणत होतो," दादा म्हणाला.

"झाडलेलीच आहे," आई म्हणाली. "रोज झाडते मी."